इटलीत हरवलेली सून

प्रिय शायमा,

हे पत्र तुला काशीमावशी आणून देतील. त्या दिवाळे गावाहून मासे घेऊन आमच्याकडे, माझ्या सासरी बोनकोड्याला येतात आणि परत जाताना तुझी बेलापूरची गल्ली त्यांच्या वाटेवरच लागते. फोन केला असता, पण इथे माझा फोन वाजला की कोण ना कोण प्रेमाने विचारतं, कोनाचा गो? मग सगळ्यांच्या देखत बोलावं लागतं.

सोमवारी मला माहेरी, आमच्या उरणच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं आहे. पाचवीचा वर्ग मिळणार आहे. मी शिकले तीच शाळा, बंदराचे ट्रक जिच्या भिंतीला घासून जातात ती. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्या गावच्या मुलींचं मी काही देणं लागते, असं मला मनापासून वाटतं. कॉलेजात एकत्र होतो तेव्हापासून तू यावर हसतेस, हस. सोमवारी गेले नाही तर जागा दुसऱ्या कुणाला देतील. इथे सगळे म्हणतात, गणपती होऊ देत, मग बघू. नाही असं कुणीच म्हणत नाही, म्हणून भांडताही येत नाही.

इटली कशी होती म्हणून तू विचारलं होतंस. हनिमूनला आम्ही अकरा जण होतो. मी, केतन, सासू, सासरे, दोन चुलत सासवा, त्यांची मुलं आणि लाडवांचे डबे. फ्लॉरेन्सहून रोमला जाताना बस एका तळ्याच्या वर, डोंगरातल्या जुन्या गावाच्या वेशीपाशी थांबली. ड्रायव्हरच्या सक्तीच्या विश्रांतीची वेळ होती. तटबंदीतून डोकावून सासूबाई म्हणाल्या, अगो, या गावान कोनी मानूस हाय का नाय? सगळ्यांनी बसजवळच चटया पसरल्या. केतन बांधकामाच्या साइटवरच्या स्लॅबसाठी फोनवर अडकले होते. मी एकटीच आत गेले.

शायमा, अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. दगडी बोळ, दोन बायका शेजारी शेजारी चालू शकणार नाहीत इतका अरुंद. घरं शेकडो वर्षांची, आणि एकावरही वाढवलेला मजला नाही. एका खिडकीत टोमॅटोच्या कुंड्या. एक म्हातारी उंबऱ्यावर शेंगा सोलत होती, तिने मान हलवली, मीही हलवली. बोळ संपला तिथे बुटका कठडा होता आणि खाली ते तळं, पाण्यावर एकच होडी. मी कठड्यावर बसले. लग्नानंतर पहिल्यांदा मी कुणाचीच कुणी नव्हते. शाळेचा विचार तिथेच पक्का झाला. वर्गात पहिल्या दिवशी मुलींना काय विचारायचं, तेसुद्धा ठरवलं. वेळेचं भान राहिलं नाही, एवढंच.

बसपाशी परत आले तेव्हा चुलत सासवा रडत होत्या. सासऱ्यांनी पोलिसांना बोलवायला लावलं होतं. केतननी माझ्याआधीच सगळ्यांना सांगून टाकलं, ती रस्ता चुकली. मला वाचवायलाच सांगितलं त्यांनी. नव्या नवरीला एकटं बसावंसं वाटलं, हे तिथे कुणाला कळणार होतं?

तेव्हापासून मी इटलीत हरवलेली सून आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गोष्ट सांगतात, हसतात, मलाही हसायला लावतात. आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये निघाले तरी सोबत कुणीतरी चप्पल घालतं. तू हरवशील गो बाय, म्हणत सासूबाई स्वतः येतात, माझी ओढणी सारखी करतात. त्या वाईट असत्या तर सोपं झालं असतं. माणसं चांगली आहेत, जेवणात माझ्यासाठी वेगळी कोलंबी काढून ठेवतात, आणि मला रात्री श्वास पुरत नाही.

माहेरी जाते म्हटलं तर सासरे म्हणाले, खुशाल जा, मुराली येऊं दे. तुमच्याकडे ही पद्धत नाही. मुराळी म्हणजे सुनेला न्यायला आलेलं माहेरचं माणूस. त्याला दारातून रिकामं पाठवायचं नसतं, जेवू घालायचं आणि मुलगी सोबत द्यायची. मला भाऊ नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, आता तंच तुजा घर, साळंचा मंग बगू. त्यांच्या रेतीच्या गाड्या माझ्या सासऱ्यांच्या साइटवर चालतात. त्यांच्या आवाजावरून मला कळलं, ते येणार नाहीत.

म्हणून तुला लिहिते आहे. रविवारी सकाळी तू ये. फोन करून येऊ नकोस, आधी कळलं तर सगळे मिळून काहीतरी गोड कारण शोधतील. मिठाईचा पुडा आण, मुराळी रिकाम्या हाताने येत नाही. मुराळी बाई कशी, आणि आपल्यातली नाही ती कशी, असं त्यांच्या मनात येईल. पण दारात आलेल्या माणसाला ही माणसं तोंडावर नाही म्हणू शकत नाहीत, हे मी इतक्या दिवसांत ओळखलं आहे. वाढतील ते जेव. मी बॅग भरलेली नसेल, अंगावरच्या कपड्यांनी निघेन. दार बहुतेक सासूबाईच उघडतील. आवाज चढवू नकोस, कारणही सांगत बसू नकोस. एवढंच म्हण, मी उन्नतीच्या माहेरची, तिला न्यायला आले.

वाट पाहणारी, तुझीच
उन्नती