वेदिका माझ्यावर अवलंबून आहे

२ जुलै, सकाळी ९
आज इन्कमटॅक्स रिटर्नचं काम हातात घेतलं. एकोणतीस वर्षं हायस्कुलात हेडक्लार्क होतो. गावाचे फॉर्म भरून दिले, स्वतःचा म्हणजे अर्ध्या तासाचं काम. वेदिकाने ऑनलाइन आरोग्य विमा काढलाय, असं बायकोकडून, राजश्रीकडून कळलं. मला कुणी विचारलं नाही. मुलगी सत्तावीस वर्षांची, लॅपटॉपवर आंबापेट्यांची लेबलं करते, चार पैसे मिळवते. पण राहते माझ्या घरात. म्हणजे माझ्यावर अवलंबून. अवलंबून मुलांच्या विम्याची वजावट बापाला मिळते. मिळते म्हणजे घ्यायची.

३ जुलै
करसल्लागार हरिश्चंद्रकडे गेलो. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला मीच लिहिलाय. त्याने विचारलं, हप्ता कुणी भरला? म्हटलं, वेदिकाने. मग वजावट तिची, म्हणाला. शिवाय कमावती मुलगी अवलंबून कशी? मी समजावलं, कमावणं वेगळं आणि अवलंबून असणं वेगळं. त्याला पटेना. पुरावा आणा म्हणाला. चहा न घेता उठलो. (त्याने विचारला नव्हता.)

४ जुलै
रेशनकार्ड सापडलं. यापेक्षा मोठा पुरावा सरकारकडे नाही. वेदिकाचं नाव ठसठशीत, वय पंधरा. पुढची पानं बघायची गरज वाटली नाही.

५ जुलै
हरिश्चंद्रने कार्ड उघडून कुटुंबप्रमुखाच्या फोटोवर बोट ठेवलं. राजश्री. घरातली मोठी बाई प्रमुख, असा नियम आहे म्हणे. बारा वर्षं रेशनच्या रांगेत तीच उभी राहिली, मला कोण सांगणार? कार्डाप्रमाणे मी सदस्य क्रमांक दोन. ही तांत्रिक बाब आहे असं सांगून निघालो. घरी राजश्रीने विचारलं, कार्ड न विचारता कुठे नेलं होतंत? उत्तर दिलं नाही. दुपारी दिलं.

८ जुलै
पुरावा म्हणून लाईट बिल घ्यावं. बिलावर नाव माझं. पावती मागायला गेलो तर खिडकीतल्या मुलीने सांगितलं, तीन वर्षं बिल मोबाइलवरून भरलं जातं. नंबर वेदिकाचा. गॅसचंही तेच निघालं. पेन्शनमधून परस्पर कापतात अशी माझी समजूत होती. राजश्री म्हणाली, समजूत चांगली होती.

९ जुलै
मासळी! मासळी मीच आणतो, रोखीने. मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीवाल्या कमलाकडे वर्षभराच्या बांगड्यांची पावती मागितली.
"पावती कसली मागताय, पिशवी धरा नीट," म्हणाली.
मागे रांग होती. पिशवी धरली.

११ जुलै
वेदिकाशीच सरळ बोलायचं ठरवलं. जेवताना विचारलं, तू माझ्यावर अवलंबून आहेस ना? तिने आईकडे बघितलं.
"बाबा, तसं लिहून हवंय का?"
हो म्हटलं. ती म्हणाली, देते लिहून, पण आधी एक सांगायचंय. पुण्याच्या कंपनीत नोकरी मिळाली आहे, एक ऑगस्टपासून तिथे खोली घेतेय. पंधरा दिवस सांगू सांगू करत होती. राजश्रीला माहीत होतं. लिहून घ्यायचं राहिलं.

११ जुलै, रात्री
झोप आली नाही. खरं लिहायचं तर वजावटीचं मला काही पडलेलं नाही. ती हजारबाराशेची गोष्ट. पोरगी माझ्या जिवावर आहे, असं एखाद्या सरकारी कागदावर एकदा लागलेलं हवं होतं. पुढच्या वर्षी ती पुण्याला. म्हणजे याच वर्षी काय ते.

१४ जुलै, सकाळी
निर्णय पक्का. आज हरिश्चंद्रकडून काम करून घेतल्याशिवाय उठायचं नाही.

१४ जुलै, दुपारी
उठलो.
वेदिका गेल्या आठवड्यात त्याच्याकडे येऊन गेली होती. तिचा रिटर्न भरून झालाय. मी हटून बसलो तेव्हा त्याने घरी फोन करून तिची परवानगी घेतली आणि पॉलिसी स्क्रीनवर उघडली. नावं तीन. पहिलं तिचं, दुसरं राजश्रीचं, तिसरं माझं. नातं, वडील. पुढच्या रकान्यात, अवलंबून. हप्त्याचा मोठा भाग माझ्या वयाचा आणि माझ्या शुगरचा. आईवडिलांसाठीची वजावट तिने रीतसर घेतली आहे.
मी म्हटलं, माझ्या संमतीशिवाय हे होऊच शकत नाही. त्याने चौथं पान दाखवलं. खाली माझी सही, लफ्फेदार. फेब्रुवारीत तिने मागितली होती. पालकाची लागत असेल म्हणून मी न वाचता ऐटीत केली होती.
"काका, चहा घ्या," हरिश्चंद्र म्हणाला.
घेतला.

१४ जुलै, संध्याकाळी
वेदिका बॅग भरायला काढून बसली आहे. मला बघून उठली. मग शुगरची गोळी आणि पाणी माझ्यापुढे ठेवलं. पुण्याहून रोज सकाळी फोन करणार आहे, गोळी घेतली का ते विचारायला. खोटं सांगायचं नाही, म्हणाली. बरं म्हटलं.
तिच्या पॉलिसीत आहे म्हटल्यावर ऐकावं लागतं.