गाडी गावातूनच येईल

मनीषनगर, नागपूर

प्रिय दादा,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू विचारलंस, तुझ्या प्रीतीच्या लग्नाला गाडी घेऊन येतेस का, आणि मी म्हणाले, "पाहू." त्या "पाहू"नं तेव्हापासून मला छळलं आहे. त्यानंतर तू आणखी एक गोष्ट बोललास, आणि तिचं उत्तर न देताच मी फोन ठेवला. फोनवर तुझ्याशी वाद घालता येत नाही. तू गप्प बसतोस, आणि तू गप्प बसलास की मी हो म्हणून मोकळी होते, ही माझी लहानपणापासूनची खोड आहे. म्हणून पत्र लिहायला बसले. पत्रात तुला मधेच खाकरता येत नाही. सुशील शनिवारी गावी येतो आहे, तुझा लेक पत्र वाटेत हरवणार नाही एवढा भरवसा आहे, तेव्हा त्याच्याच हाती पाठवते.

तू गाडी अजून पाहिली नाहीस. दरवर्षी दसऱ्याला तू दीक्षाभूमीला येतोस, आमच्याकडे मुक्काम करतोस, पण गेल्या वर्षी गुडघ्यानं तुला घरी बसवलं आणि नेमकी त्याच दिवशी गाडी आली. आम्ही नोंदवली होती पांढरी. तुझ्या मेहुण्यांना मी बजावलं होतं, पांढरी नाहीतर राखाडी, म्हणजे रस्त्याच्या कडेला उभी केली तर आपल्यालाच शोधावी लागेल अशी. दसऱ्याच्या दोन दिवस आधी शोरूमवाल्यांनी कळवलं की पांढरी दिवाळीनंतर मिळेल. झालं, हे हट्टाला पेटले. आपल्या घरातली पहिली मोटार धम्मचक्र दिनालाच दारात आली पाहिजे, मग ती बैलगाडी का असेना, असं यांचं म्हणणं. शोरूममधला पोरगा डोकं खाजवत म्हणाला, "सर, दसऱ्यालेच पायजे असन तं एकच पीस हाये, पण कलर थोडा हटके हाये." हटके म्हणजे काय, ते त्या दिवशी वरचं कापड काढल्यावर कळलं. पिवळी. हळदीच्या अंगाची, भर उन्हात डोळे दिपवणारी पिवळी, आणि वर काळं कुळकुळीत छत. हे तिच्यापुढं उभं राहून पेढे वाटत होते, आमची लेक भूमिका फोटो काढत होती, आणि मी शोरूमच्या खांबाआड उभी राहून, ही आपली नाहीच असा चेहरा करून पाहत होते.

यांच्या डोळ्यांमुळं यांना चालवायची मनाई, भूमिकाचं ऑफिस मेट्रोच्या वाटेवर. म्हणजे मनीषनगर ते वाडीचं माझं ऑफिस, रोज ती चालवायची कुणी, तर मी. तुला वाटेल, एवढी चांगली गाडी मिळाली आणि हिचं रडगाणं काय. पण दादा, पहिले दोन महिने स्टिअरिंगला हात लावला की माझे तळवे ओले व्हायचे. गाडीची भीती नव्हती, गिअर-क्लच मी भराभर शिकले. भीती काचेबाहेरच्या माणसांची. आमच्या इथल्या पोरी उन्हासाठी तोंडाला स्कार्फ गुंडाळून स्कूटी चालवतात ना, तशी मी काचा वर करून, एसी लावून, तोंडाला स्कार्फ बांधून मोटार चालवायची. भूमिका म्हणाली, आई, तू बँक लुटायला निघाल्यासारखी दिसतेस, लोक त्यानंच जास्त पाहतात. एकदा व्हरायटी चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. मागून हॉर्न, शेजारच्या ऑटोतला माणूस मान वाकवून आत डोकावतो आहे, कुणीतरी मोबाइल बाहेर काढला. मला वाटलं, सगळी सीताबर्डी कामधंदा सोडून माझ्याकडं बघते आहे. असतील दोघं-तिघं, पण माझे कान असे तापले की किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते आठवेना. हे शेजारी बसून ऑटोवाल्याला हात हलवत सांगत होते, "नवीन हाये बावा, होते एवढं." मला यांचा जीव घ्यावासा वाटला.

त्यावर कळस म्हणजे एका संध्याकाळी वाडीच्या नाक्यापुढं मी स्कार्फ नीट करायला गाडी बाजूला घेतली, तर मागचं दार उघडून एक म्हातारी पिशवीसकट आत येऊन बसली. पिवळी गाडी पाहून तिला ती भाड्याची वाटली. "बर्डीले सोडून दे वं माय," म्हणाली. मावशी, ही माझी घरची गाडी आहे, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्यानं बोलवलं नाही. तिला अवघडल्यासारखं होईल, दोन माणसं वळून पाहतील, या भीतीनं मी अमरावती रोडवरून तिला निमूट सीताबर्डीपर्यंत नेऊन सोडलं. रस्ताभर ती खुशीत होती. "बाई गाडी चालवून राहिली, लय झ्याक. मंग तोंड काहून बांधलं वं, दात दुखते काय?" मी हो म्हणाले. हे घरी सांगितल्यावर बापलेक पोट धरून हसले, आणि मी न जेवता उठले. तेव्हाच ठरवलं की ही गाडी अशी ठेवायची नाही.

माझं हे भित्रेपण कुठून आलं, ते दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल, तुला नाही. जयंतीला बाबा आपल्याला नवे कपडे घ्यायचे. पण आई ते आधी दोनदा धुवायची, वाळवायची, नव्याची कडक घडी आणि चमक गेली की मगच अंगावर. वरच्या आळीतून जाताना कुणी म्हणायला नको, "रामाजीचे पोट्टे लय भपक्यात हायेत गा." तुझा तो मोरपंखी शर्ट तू तसाच घालायचा म्हणून रडलास, आणि शेवटी धुऊन विटका झालेलाच घातलास. मी रडले नाही, मी शिकले. इतकं चांगलं शिकले की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात इतकी वर्षं मालाच्या पावत्या, बिल्ट्या फाडते आहे, गोदामातले सगळे हमाल मला ओळखतात, आणि मालकाला अजून माझं आडनाव विचारावं लागतं. मला ते बरंच वाटायचं. बाबांना मी दोष देत नाही. पाटलाच्या ओसरीपुढून मान वर करून गेले म्हणून त्यांना मारलं, ते तू पाहिलं आहेस, मी तेव्हा पाळण्यात होते. तुझ्या आणि माझ्या भीतीत तेवढा फरक आहे आणि तो मी विसरलेली नाही.

तर गाडीचं सांगत होते. वाडीत ट्रक रंगवणारा गोविंदा म्हणून आहे. तो म्हणाला, आठवड्यात पांढरीशुभ्र करून देतो, आरटीओत रंग बदलल्याची नोंदही करून देतो. त्याला सोमवारची वेळ दिली. आदल्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडी रिकामी करत होते, तर खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या. बाई तशा चांगल्या आहेत, संक्रांतीला वाण देतात, कधी साबुदाण्याचे वडे पाठवतात. मी त्यांना रंगाचं सांगितलं, म्हटलं फार उठून दिसते हो, मला कसंतरीच होतं. त्या अगदी प्रेमानं माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "मी यांना म्हटलंच होतं, त्या लोकांना भडक आवडतं म्हणून घेतली असेल. बरं करताय, आपली सोसायटी डिसेंट आहे."

दादा, मला राग यायला वेळ लागतो, हे तुला माहीत आहे. मी हसले, हो म्हणाले, लिफ्टमध्ये शिरले, आणि चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो आला. पांढरी केली असती तरी त्या बाईंच्या लेखी मी त्या लोकांतलीच राहणार होते, फक्त पांढऱ्या गाडीतली. मग मी एवढी वर्षं अंग चोरून, रंग चोरून, आवाज चोरून कुणाची सोय पाहिली? कपडे दोनदा धुतले म्हणून कुणी आपल्याला बरं म्हटलं? मी तशीच बादली आणि फडकं घेऊन खाली गेले. रविवारची सकाळ, सगळी सोसायटी भाजी आणायला बाहेर पडलेली. मी भर पार्किंगमध्ये पदर खोचून गाडी धुतली, चाकंसुद्धा घासली. एक-दोघांनी पाहिलं, मीही त्यांच्याकडं पाहिलं, आणि नमस्कार केला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण हात थांबले नाहीत.

सोमवारी ठरल्याप्रमाणं गोविंदाकडं गेले आणि म्हटलं, पांढरा राहू दे, मागच्या काचेखाली नाव लिहून दे. ट्रकवर लिहितोस तसं मोठं, निळ्या रंगात. तो म्हणाला, "काय लिहू मॅडम, भूमिका लिहू?" मी म्हटलं, रामाजी लिही. त्यानं इतकं सुरेख लिहिलं आहे की वाडीतले ट्रकवाले थांबून वाचतात. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते, तू ऐनवेळी पाहून दचकू नयेस. स्कार्फ आता बॅगेत असतो. परवा सिग्नलला एक पोरगं टक लावून पाहत होतं, मी काच खाली करून त्याला विचारलं, आवडली का. तो लाजला. तळवे अजूनही ओले होतात, ते रुमालाला पुसते आणि चालवते.

आता तुझी ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहिलं. तू म्हणालास, "पमे, गाडी आण, पण गावात नको आणू. फाट्यावर ठेव, सुशील मोटरसायकलनं घेऊन येईन तुले. लोकाइच्या डोळ्यावर येते." आणि मग गप्प बसलास. तू चुकीचं बोललास असं मी म्हणत नाही. मी दोन दिवस मिरवून निघून येईन, तुला तिथंच राहायचं आहे, त्याच पिठाच्या गिरणीवर, त्याच सोसायटीच्या दुकानात उभं राहायचं आहे. हे सगळं मी नीट तोलून पाहिलं. तरीही गाडी मी फाट्यावर ठेवणार नाही. मी भांडायला येत नाही, हॉर्न वाजवणार नाही, कुणाच्या दारापुढं थांबणार नाही. दिवसाउजेडी, काचा खाली करून, मोठ्या रस्त्यानं, चावडीवरून आणि पाटलाच्या ओसरीपुढून तुझ्या दारापर्यंत येईन. लग्न माझ्या भाचीचं आहे, रस्ता सरकारचा आहे, आणि गाडीवर नाव आपल्या बापाचं आहे. मंगल परिणयाच्या दिवशी सकाळी दहाला मी फाट्यावर पोचते. हे मागं बसतील, तसं मी त्यांना सांगून ठेवलं आहे. तू मोटरसायकल घेऊन सुशीलला पाठवू नकोस, तू स्वतः ये. मी गाडी थांबवीन आणि तुझ्या बाजूचं दार उघडीन. तू आला नाहीस तरी गाडी गावातूनच येईल, पण दादा, त्या ओसरीपुढून एकटीनं जायची मला फार भीती वाटते. तू माझ्या शेजारी पुढं बस.

वहिनीला जयभीम सांग. गुडघा अजून मुडपत नसेल तर काळजी करू नकोस, पुढची सीट मागं सरकते.

तुझीच,
पमी