बिनटॅगचा बैल

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
अंघोळ करताना खाली, डावीकडच्या गोटीजवळ गाठ हाताला लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे काही नाही. मी केंदूरच्या दूध डेअरीचा सेक्रेटरी. कासेत गाठ लागली की त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, असं दर मीटिंगला मीच बजावतो. पण ते गाईंचं झालं.
साधनाला सांगायचं नाही. बायको उगाच घाबरेल.

९ फेब्रुवारी
कासेला लावायचं मलम घरात होतंच. लावलं. गार वाटलं, म्हणजे लागू पडतंय.

१४ फेब्रुवारी
गाठ वाढलेली नाही. हरभऱ्याएवढीच आहे. फार तर काबुली म्हणता येईल.

२० फेब्रुवारी
मोबाईलवर वाचायला घेतलं. दोन मिनिटांत बंद केलं, बॅटरी कमी होती. ८१ टक्के.
ठरवलं. वैष्णवीचे बारावीचे पेपर संपले की शिरूरला दाखवायचं. पोरीच्या अभ्यासात अडथळा नको.

२६ फेब्रुवारी
आज डोकं लढवलं. जनावरांचे डॉक्टर मुजीब डेअरीवर आले होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या बैलाला त्या जागी गाठ आलीय, काय असेल? त्यांनी वय विचारलं. एकोणपन्नास तोंडात आलं होतं, चार म्हणालो. मग कानातल्या टॅगचा नंबर मागितला. उद्या देतो म्हणालो. चांगलं निभावलं.

२७ फेब्रुवारी
एक गोष्ट उशिरा लक्षात आली. माझ्या गोठ्यात दहा वर्षांत बैल नाही. पाच गाई आहेत, आणि त्यांना गाभण करायला रेतनाची कांडी घेऊन मुजीबच येतात. परवाच येऊन गेले.
त्यांच्या ध्यानात आलं नसणार. माणूस कामात असतो.

१ मार्च
मुजीब घरी आले. पाचही गाई बघितल्या, चहा घेतला. बैल चरायला गेलाय, मी म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “आप्पा, बैलाला एवढं सांगा. पाण्याची गाठ असंल तर काय न्हाई. पन गोटीच कडक लागत असंल, तर एक दिवसबी थांबू नगं.”
सांगतो म्हणालो.
साधना दारात उभी होती. तिला जनावरांतलं काही कळत नाही.

२ मार्च
जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.
वैष्णवीच्या लग्नात मी असेन का, असं डोक्यात आलं. अजून सतराची आहे ती. भीती वाटते. लिहून टाकलं, आता जाईल.

४ मार्च
सकाळी साधना गाडीवर मागं बसली आणि शिरूरला दवाखान्यात चला म्हणाली. म्हटलं, हिला बरं नसेल. तिथं गेल्यावर तिनं केसपेपरवर माझं नाव सांगितलं. वयही खरं सांगितलं.
डॉक्टरांनी खोलीत अंधार करून टॉर्च धरली, मग सोनोग्राफी केली. पाण्याची गाठ. कॅन्सर नाही. दुखली किंवा वाढली तरच या म्हणाले. मला वाटलंच होतं, मी म्हणालो. घरी काही लावलं होतं का, विचारलं. घरगुती लेप म्हणालो.
बाहेर आलो आणि रस्त्यावरच रडू फुटलं. साधनानं पदर पुढं केला. कासेच्या मलमाची ट्यूब कमी होत चाललेली गेल्या महिन्यातच दिसली होती, म्हणाली.

५ मार्च, सकाळी ७
डेअरीवर दुधाची रांग होती. बैल कसा आहे, मुजीबनी विचारलं. बरा आहे म्हणालो. रांगेतल्या कोंडिबानं किटली खाली ठेवली आणि कुणाचा बैल म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मागून साधना म्हणाली, “आमचाच हाय. टॅग तेवढा मारायचा राहिलाय.”
रांग हसली. मी मान खाली घालून फॅट लिहीत बसलो.
कोंडिबा हसला नाही. सगळे गेल्यावर माझ्याजवळ आला. बैलाला दाखवलं तो डॉक्टर कुठं बसतो, त्यानं विचारलं. त्याच्याही बैलाला गाठ आहे म्हणे, दीड वर्ष झालं.
कोंडिबाकडं दोन म्हशीच आहेत.