बाबांच्या चित्रावरचा हार

बोरगाव मेघे,
सोमवार, दुपारचे अडीच

तीर्थरूप सुलोचनाआत्याले अनयचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? बीपीची गोळी वेळेवर घेतेस की अजूनबी डब्यात ठेवून विसरतेस? तुमच्या जाम गावाले हायवेची धूळ कमी झाली का? आमच्याकडे सगळे मजेत आहेत. आई बरी आहे. बाबा जिवंत आहेत. (हे मुद्दाम लिहून राह्यलो, कारण मागच्या आठवड्यात या गोष्टीबद्दल जिल्ह्यात थोडा मतभेद झालता.) फोन केला असता, पण आमच्या घरचा नंबर दिसला की तू उचलत नाईस. पत्राचं बरं असते, पोस्टमन थेट हातात देते.

तर झालं असं. नालवाडीत एका जुन्या सरकीच्या गोदामात 'चेहराघर' नावाचं चित्रदालन निघालं आहे. तिथं फक्त माणसांचे चेहरे. राजे नाई, पुढारी नाई. आपलेच वर्धेचे लोक. पोह्यावाली, नर्सबाई, सायकलवाला, मोठमोठ्या चौकटीत, तेलरंगात. चित्राखाली चार ओळी लिहायले त्यांना कोणीतरी पाहिजे होतं आणि मी रिकामाच होतो. (माझी कादंबरी पुरी झाली. तिच्यात एकबी पूर्णविराम नाई. आईनं दोन पानं वाचली आणि म्हणे, दम लागला, पाणी आण.) तर मी लागलो तिथं. आणि एका चित्रापाशी येऊन थांबलो तर समोर बाबा! तीस वर्षं एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसले ना ते. अर्ध्या जिल्ह्यानं त्यांना तसंबी चौकटीतच पाह्यलं आहे. चित्रकारानं तसेच काढले, खिडकीतून वाकून पाहणारे, 'कुठं जायचं?' विचारल्यासारखे. घरी त्यांनी एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

तिथं दर रविवारी काही ना काही चालू राह्यते. एका रविवारी पोट्ट्यांना आरसे देऊन स्वतःचं तोंड काढायले लावलं, तर एकानं नुसते दात काढले, बाकी चेहऱ्याले कागद पुरला नाई. आणि महिन्यातून दोन-तीनदा 'घरचा रविवार'. म्हणजे घरच्या दोन माणसांनी समोरासमोर खुर्चीवर बसायचं, दहा मिनिटं बोलायचं नाई, आणि एकमेकांचं चित्र काढायचं. आत्या, तुले वाटेल हा काय खेळ झाला. मलेबी वाटलतं. पण तू पाह्य फक्त. एक किराणावाले काका आलते, लग्नाले एकतीस वर्षं झालेले. त्यांनी बायकोचं चित्र काढलं, बायकोनं पाह्यलं आणि म्हणाली, "अन् माहा चष्मा कुठं आहे?" काका म्हणाले, "तू चष्मा कधीपासून लावते?" म्हणे, "सोनूच्या मुंजीपासून!" तेव्हापासून मले एक नादच लागला आहे. कोणाले कोणाचं काय दिसते, हेच पाहत बसतो. आईले विचारलं, बाबांच्या कोणत्या भुवईवर व्रण आहे? म्हणे, व्रण आहे?

आता हाराचं. एका रविवारी प्रमुख पाहुणे आलते. त्यांना झेंडूचा हार घातला, त्यांनी तो रिवाजानं लगेच काढून टेबलावर ठेवला आणि गेले. तानबा (तिथला चौकीदार, स्वच्छतेचा भारी भोक्ता) हार हातात घेऊन विचारते, "हा कुठं ठेवू जी?" मी मोबाईलमधे तोंड खुपसून म्हटलं, टांग कुठंबी. त्यानं सगळ्यात जवळच्या खिळ्यावर टांगला. खिळा बाबांच्या चित्राचा.

बस. तिथून पुढं कोणी काही बोललं नाई, कोणी काही विचारलं नाई. आपल्या लोकांना भिंतीवर मोठा फोटो आणि त्याले हार दिसला की हात आपोआप जुळतात. मी पाहून राह्यलो होतो आणि मले वाटलं, काय कलेची जाण आहे लोकांना! एका बाईनं तर चप्पल काढली. नेमके त्याच दिवशी आमच्या शेजारचे बापूजी नातीले घेऊन आलते. त्यांनी हात जोडले, डोळे पुसले, आणि चित्र काढायचं सोडून थेट आमच्या घरी. दार बाबांनीच उघडलं.

बापूजी म्हणे, "प्रभाकरराव, तुम्ही घरी?"

बाबा म्हणे, "मंग कुठं राहू?"

"नाई, म्हणजे... कधी?"

"कधी काय? सकाळपासून घरीच आहो."

बापूजींनी चहा घेतला, दोन कप घेतले, पण ते यायच्या आधी रस्त्यात जेवढे भेटले तेवढ्यांना सांगून आलते, आणि त्यांचा भाचा तुमच्या जामले राहते. पाच वाजेपर्यंत अंगणात अकरा माणसं. बाबा प्रत्येकाले स्वतः पाणी देऊन राह्यले होते.

आणि आत्या, सहा वाजून दहा मिनिटांनी बाबांच्या मोबाईलवर एक फोन आला. अनोळखी नंबर. बाबांनी उचलला, सवयीनं म्हणाले, "हां, बोला, कुठं जायचं?" तिकडून कोणीतरी रडत होतं. मंग फोन कट. दुसऱ्या दिवशी मी चोरून त्या नंबरवर फोन केला. (माझा स्वभाव तुले माहीत आहे, कोण, काऊन, कशाले, हे कळल्याशिवाय मले जेवण जात नाई.) जामच्या चौकातला संत्रेवाला निघाला. म्हणे, "हिरव्या लुगड्याच्या एक बाई होत्या भाऊ. फोन मागितला, रडल्या, मंग तिकडून आवाज आयकला अन् फोनले शिव्या घातल्या. मंग हसल्या. संत्रे न घेताच गेल्या."

मी काही विचारून नाई राह्यलो. फक्त सांगून राह्यलो.

आमच्या सपनाताईच्या लग्नातला तो फोटो बाबांनी अजून बैठकीतून काढला नाई. तुले राग की तुले वगळून त्यात सतरा माणसं उभी आहेत (त्यात बापूजीबी, ज्यांचं आपल्याशी काही नातं नाई), आणि तू मागं मांडवात व्याह्यांच्या पंगतीले वाढत होतीस. अकरा वर्षं झाली तुमचं बोलणं बंद होऊन. बाबा आजबी म्हणतात, चूक फोटोवाल्याची. पण काल ते घरच्या रविवारले आले. इस्त्रीचा शर्ट घालून, एकटेच. खुर्चीवर बसले. समोरची खुर्ची रिकामी. प्रेरणाताई (हे सगळे कार्यक्रम तीच घडवून आणते) म्हणाली, "काका, घरचं कोणी बोलावू का?" बाबा म्हणे, "नको. दिसून राह्यलं मले." दहा मिनिटांचे चाळीस झाले. कागदावर एक बाई निघाली: घट्ट अंबाडा, नाक आपल्या घराचं, आणि मान अशी फिरवलेली की चहा न घेता निघालीच आहे. घरी आईनं रागावरूनच ओळखली.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना जे काय असते ते.

तुझा,
अनय

ता. क. खरं काम राह्यलंच. येत्या रविवारी सकाळी अकराले पुन्हा घरचा रविवार आहे. तू येजो. बोलायचं नाई असा नियमच आहे, तेव्हा तुम्हा दोघांना काही जड नाई. अकरा वर्षांचा सराव आहे. जामवरून नऊ दहाची एसटी आहे.

आणखी ता. क. त्या चित्रातल्या बाईले दोन्ही गालांवर तीळ आहे. मी म्हटलं, "बाबा, दोन काऊन?" म्हणे, "एक खोडायचा आहे." म्हटलं, कोणता? तर माझ्यावरच खेकसले, "तेच तर पाहा लागते ना!" खोडरबर शर्टाच्या खिशात ठेवून आहेत, कालपासून. कोणत्या गालावर ते पत्रात लिहू नको.

शेवटचं. पत्र बाबांनी वाचलं. मी म्हटलं आता फाडतील. म्हणाले, "सगळं वाढवून लिहिलं आहे, अन् पूर्णविराम बरे टाकले." मंग पेन घेतला. फोटोवाल्याचं वाचूनबी काही खोडलं नाई. फक्त वरचे 'नऊ दहा' कापून 'नऊ पंचवीस' केले आणि समासात, त्या खिडकीतल्या गोल अक्षरात, लिहिलं: डाव्या बाजूनं बसजो, ऊन लागत नाई.