आबांचा जिना आणि आमचं प्रकाश मंडळ

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. निदान मी असेपर्यंत तरी.

काल एक व्हिडिओ पाहिला. एलईडीची लांब पट्टी. कोड लिहून तिच्यातल्या एकेका दिव्याला वेगळं सांगता येतं: तू लाल हो, तू निळा हो, तू गप्प बस. ऑफिसात हाताखाली चौघं आहेत, पण त्यांच्या बाबतीत ही सोय नाही. रात्रभर झोप लागली नाही. बिल्डिंगमधल्या हौशी लोकांचं मंडळ काढायचं. अध्यक्ष मी. निवडणूक सवडीने.

पहिला प्रकल्पही ठरला. जिन्यातला बल्ब गेलाय. गेल्या महिन्यात आबा अंधारात पायरी चुकले, गुडघा खरचटला. तो बरा झाला, पण आबा तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरलेले नाहीत. एरवी रोज संध्याकाळी मी त्यांना बागेतल्या बाकावर घेऊन जायचो. आता खिडकीत बसून असतात. वडील असे गप्प बसलेले मला बघवत नाहीत. पाऊल पडेल तशी पायरी उजळेल, असा जिना करणार.

ही म्हणाली, एक बल्ब आणा. हिला दूरदृष्टी नाही.

७ फेब्रुवारी
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. सदस्य: तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाई, समोरचे निवृत्त ऑडिटर (सगळे त्यांना शंकासुर म्हणतात, मी तोंडावर म्हणत नाही) आणि मेहुणा. मेहुण्याला मी विचारलंच नव्हतं. त्याला बहिणीकडून कळलं की सभेत चहा असणार.

दहा तारखेपासून सभा रोज संध्याकाळी सहाला, आमच्याकडे. ती वेळ माझी हल्ली रिकामीच असते.

१० फेब्रुवारी
पहिली सभा. विषय: मंडळाचं नाव. मेहुण्याने 'झगमग' सुचवलं. शंकासुरांनी विचारलं की दिवे बंद असताना हे नाव दिशाभूल करणारं ठरणार नाही का. दीड तास चर्चा. निर्णय नाही. सभा उत्तम झाली.

मध्येच आबांनी आतून विचारलं, खाली जायचं का रे? म्हटलं, आबा, तुमच्याच जिन्याची सभा चाललीये. बरं म्हणाले.

१६ फेब्रुवारी
मंडळाची घटना लिहायला घेतली. कोडिंगचं पुस्तकही आणलं. प्रस्तावना वाचून झाली. प्रस्तावना समजली की निम्मं पुस्तक समजल्यासारखंच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी एक तरी दिवा लावून बघू या, नमनालाच घडाभर तेल जातंय. हसून सोडून दिलं. त्यांना दिवसभर लोकांची तोंडं उघडी बघायची सवय, शिस्तीची सभा जड जाणारच.

२३ फेब्रुवारी
पट्टी आली! रविवार सत्कारणी. तळमजल्यापासून आमच्या दारापर्यंत पायऱ्यांच्या कडेने स्वतः चिकटवली. कंबर गेली.

पट्टीवर बारीक बाण छापलेत. बनवणाऱ्याचं कौतुक वाटलं. चढणाऱ्याला कळावं, वर कुठे जायचं! सगळे बाण वरच्या दिशेने येतील अशी पट्टी लावली. कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना हुकूम देणारी डबी, अर्थातच वर, आमच्या दाराशी. अध्यक्षांच्या देखरेखीखाली.

२४ फेब्रुवारी
बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. कोडात चूक. कोड मेहुण्याने इंटरनेटवरून उतरवून घेतला होता.

२७ फेब्रुवारी
कोड बदलला. अंधार. कंट्रोलर बदलला. अंधार. मेहुण्याला मंडळातून निलंबित केलं. चहा पिऊन गेला.

शंकासुरांची शंका: दोष अध्यक्षांचा निघाला तर त्यांना निलंबित कोण करणार? घटनेत तसं कलम नाही. घालणारही नाही.

३ मार्च
सभेत 'अंधाराची कारणमीमांसा' हा माझा निबंध वाचला. भिंतीची ओल, विजेचा कमी दाब, सदस्यांची अनास्था. शंकासुर पुटपुटले की नाचता येईना, अंगण वाकडं. ते कोणाबद्दल बोलत होते कळलं नाही.

रात्री ही म्हणाली, आबा दिवसभरात दोन वाक्यंसुद्धा बोलले नाहीत, लक्ष आहे का तुमचं? म्हटलं, हे सगळं कोणासाठी चाललंय मग? ती उठून आबांजवळ जाऊन बसली.

४ मार्च
हिने परस्पर जिन्यात बल्ब लावला! साधा, पांढरा. पाठीत खंजीर. माझ्या घरातून, माझ्याच स्टुलावर चढून.

पण जिना लख्ख उजळला तरी आबा काही खाली उतरले नाहीत. साध्या बल्बने भागत नाही, हे सिद्ध झालं. सभेत तसा ठराव केला.

८ मार्च
ऑफिसातून येतो तो डॉक्टरीणबाई जिन्यात बसलेल्या. कपाळाला बॅटरी, हातात दात बघायचा इवलासा आरसा. पट्टी तपासत होत्या. म्हणाल्या, हुकूम एका दिव्याकडून दुसऱ्याकडे जातो, आणि तो बाणाच्या दिशेनेच जातो. बाण खालून वर आहेत आणि डबी तुम्ही वर लावलीये. दिव्यांना तुमचं काही ऐकूच येत नाहीये. डबी खाली लावा.

म्हटलं, मला माहीत होतं. कोणाच्या लक्षात येतं ते बघत होतो.

शंकासुर खूप वेळ खोकले. कंट्रोलर आता खाली, दवाखान्याच्या दाराशी. देखरेख डॉक्टरीणबाईंची. तात्पुरती.

१० मार्च
उद्घाटन. ठीक सहा. निलंबित सदस्यही हजर. हिचा बल्ब मुद्दाम बंद ठेवला. मी बटण दाबलं.

आणि लागला! सगळा जिना लागला. लाल, हिरवा, जांभळा, खालून वर नुसता धावत सुटला. पाऊल पडेल तशी पायरी वगैरे अजून जमलेलं नाही, पण टाळ्या पडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला लिहू.

आबांना दारात आणलं. ते चप्पल घालून तयारच होते. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, फार सुंदर केलंयस रे. आता जरा बंद कर, पायरी दिसत नाही.

बंद केलं. हिने बल्ब लावला. आबांनी माझा दंड धरला आणि आम्ही उतरलो. सावकाश, मध्ये दोनदा थांबून. बाकावर बसल्या बसल्या आबा बोलायला लागले ते थांबेचनात. शेजारच्या झाडाबद्दल, माझ्या शाळेबद्दल, कशाकशाबद्दल. मी विचारलं, बल्ब लागून आठवडा होत आला, मग उतरला का नाहीत? म्हणाले, उजेडाचं काय रे, एकट्याने उतरायची भीती वाटते. सोबत हवी होती. तुझी सभा कधी संपते, याची वाट बघत होतो.

अंधार पडेपर्यंत आम्ही बाकावरच बसलो.

११ मार्च
ग्रुपवर कळवलं: सहाची सभा कायमची बंद, अध्यक्षांना त्या वेळी बागेत काम आहे. मंडळाला धक्का बसेल म्हणून खाली दोन ओळी सांत्वनाच्या लिहायला घेतल्या. त्या लिहून व्हायच्या आत सगळ्यांचे अंगठे आले. मेहुणा निलंबित असूनही त्याचा पहिला. एकमताने मंजूर झालेला मंडळाचा हा पहिलाच ठराव.

शंकासुरांनीसुद्धा काही विचारलं नाही.