एक मजला खाली

मॉन्ट्रियल, १२ जून

लाडक्या मिरेयला ताईचे अनेक आशीर्वाद.

माझा गुडघा आता बरा आहे. तुमच्याकडे नदीवरचा वारा अजून बोचत असेल. इथे लोकांनी बाल्कनीत खुर्च्या मांडल्यासुद्धा.

तू विचारलंस म्हणून सांगते, इंग्रजीवाचून तुझं काही अडणार नाही. दुकानदार एका दमात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही भाषांत नमस्कार करतो, मग तू ज्या भाषेत तोंड उघडशील ती त्याची. काल बेकरीत एका म्हातारीने फ्रेंचमध्ये पाव मागितला आणि तो शिळा आहे म्हणून इंग्रजीत भांडली. ही बाई स्वप्नं कुठल्या भाषेत बघत असेल, याचाच मी घरी येईपर्यंत विचार करत होते.

एक जुलैच्या आधी ये. त्या दिवशी भाडेकरार संपतात आणि अर्धं शहर घर बदलतं. बाहेरच्या गोल जिन्यांत फ्रीज अडकतात, नवरा-बायकोची जुंपते, फुटपाथवर सोफे सोडून दिलेले असतात. बघण्यासारखी गंमत!

यंदा मीही घर बदलतेय. ट्रक लागणार नाही. एकच मजला खाली जायचंय.

खाली गॉर्डन राहतो. निवृत्त पोस्टमन, माझ्यासारखाच एकटा. हो, इंग्रजच. मी फ्रेंचमध्ये बोलते, तो इंग्रजीत उत्तर देतो. भांडणसुद्धा असंच चालतं, त्यामुळे दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटतं. परवा म्हणाला, "फेर्नांद, सूपमध्ये मीठ जरा जास्तच झालंय."

"मग स्वतः कर की, मेल्या!"

दुसऱ्या दिवशी त्याने केलं. अगदी बेचव. दोघांनी मुकाट्याने संपवलं.

बाबा फ्रेंच बोलले की गिरणीतला इंग्रज साहेब त्यांना "माणसासारखं बोल" म्हणून सगळ्यांदेखत झापायचा, हे मी विसरलेले नाही. मागच्या नाताळात तू हसत हसत म्हणालीस, "ताई, तिकडे राहून एखादा इंग्रज घरात आणलास, तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही हं." सगळे हसले. मला हसू आलं नाही. तेव्हापासून तुला नुसतं हवापाणी कळवत राहिले.

मिरेय, मला तुझी भीती वाटते. पण एकटीनं जेवायचा वीट आलाय, आणि हा माणूस मला आवडतो. तू आली नाहीस तर मी रडेन, पण जाईन.

आलीस तर वरची घंटा वाजवू नकोस. खालची वाजव. दार मीच उघडेन.

तुझी, आधी होती तीच,
फेर्नांदताई