काट्यावरचं पाणी

माय, तुझा मुलगा सध्या डॉक्टरांना विचारून उपाशी राहतो. तू असतीस तर आधी त्या डॉक्टरला शिव्या घातल्या असत्यास आणि मग माझ्या पुढ्यात भरलेलं ताट आणून आदळलं असतंस. सकाळी अर्धी भाकर, वाटीभर उकडलेले मूग आणि काकडी. संध्याकाळी तेच, फक्त काकडीच्या जागी मुळा. तुझी सून भाकरीचा तुकडा असा जपून मोडते की जणू सोनाराच्या दुकानात बसली आहे, आणि मी तो तुकडा इतका वेळ चावतो की पाहणाऱ्याला वाटावं, याला दात कालच आले. ज्या पोराच्या तोंडात एक घास जास्त जावा म्हणून तू अंगणभर मागे धावायचीस, त्या पोराची ही गत आहे.

कारण ऐकलंस तर रागावणार नाहीस. तुझ्या थोरल्या लेकीच्या, आपल्या अक्काच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. एक दिवसाआड ती अमळनेरहून धुळ्याला येते. इथल्या दवाखान्यात तिला मशीनला जोडतात, अंगातलं रक्त नळीने बाहेर काढून धुतात आणि परत आत सोडतात. मग ती माझ्याकडे येऊन पडते आणि ऊन उतरलं की भाचा तिला घेऊन जातो. दाजींना साखरेचा त्रास, भाच्याचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. नाशिकच्या डॉक्टरांनी मला चहूबाजूंनी तपासलं आणि म्हणाले, किडनी उत्तम आहे, माणूस जाड आहे. वजन उतरवून या, या अंगावर ऑपरेशन करणं तुमच्यासाठी धोक्याचं, शिवाय मागे उरणाऱ्या एका किडनीला एवढा भार पेलायचा आहे. श्रावण संपला की पुन्हा काट्यावर उभं करतो, मगच काय ते ठरवू. अक्काच्या एका हातावरची, मशीनच्या सुया टोचायची शीर बंद पडून झाली होती आणि दुसऱ्या हाताचीही तक्रार सुरू होती. माझं वजन उतरेपर्यंत तिचा हात टिकायचा होता, एवढी सरळ गोष्ट होती.

आणि मला आठवत काय होतं, तर तुझी चूल. मी पाटावर बसलोय, अजून शाळेतही जात नाही. तू बट्टी फोडतेस, वर वरण ओततेस, तुपाची पळी माझ्या ताटावर दोनदा वाकडी करतेस. समोर अक्का बसली आहे, तिच्या ताटावर पळी एकदाच वाकडी होते, तीही घाईत. मी दोन घास खाऊन उठायला लागतो तेव्हा तू माझं मनगट धरतेस, अंगठा आणि मधलं बोट जुळवून पाहतेस. दोन्ही बोटं एकमेकांवर चढून वर जागा उरते. "खास बठ्ठं, पन पोऱ्याना अंगले काही लागस नही," सगळं खातो पण अंगी लागत नाही, असं तू शेजारच्या काकूला सांगतेस, आणि तुझ्या आवाजात असं काही असतं की मला स्वतःचीच लाज वाटते. मग मी उरलेली बट्टी खातो. नाही गेली तर अक्का गुपचूप तिच्या ताटात ओढते आणि तू पाठ फिरवलीस की माझं ताट चाटूनपुसून स्वच्छ.

तुझा काटा म्हणजे ती दोन बोटं. तू गेलीस तोवर ती जुळतच होती. नंतर मी एसटीत चिकटलो, आणि पुढे धुळ्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक झालो. काचेच्या केबिनमध्ये बसायचं, माइकवर गाड्या पुकारायच्या, दर गाडीमागे कोणी ना कोणी चहा आणून ठेवायचा, चहाबरोबर भजी. वीस वर्षांत जे काही अंगाला लागायचं राहून गेलं होतं ते सगळं व्याजासकट लागलं. तू असतीस तर गल्लीभर मिरवलं असतंस, मला खात्री आहे.

पथ्य सुरू केलं आणि पहिल्या आठवड्यातच काटा असा खाली आला की मी हुरळलो. केबिनमध्ये येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पट्ट्याचं नवीन भोक दाखवलं. पुढे तो काटा रुसला. मूग तेच, भाकर तेवढीच, देवपूरच्या रस्त्यावर पहाटेचं चालणंही सुरू, पण आकडा जागचा हलेना. मी दिवसातून चार-चारदा काट्यावर चढायला लागलो. सकाळी एक आकडा, जेवणानंतर दुसरा, ड्युटीवरून आल्यावर तिसरा. तुझी सून म्हणाली, तो काटा झिजेल पण तुम्ही नाही.

त्यातच श्रावणातली कानबाई देवी घरी आली. तुझी रीत तुझ्या सुनेने जशीच्या तशी ठेवली आहे. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, त्याचे नैवेद्याचे रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे. कुळाबाहेरच्या कोणाला घासभर द्यायचे नाहीत, टाकायचेही नाहीत. तुझ्या काळी हे सोपं होतं, खायला पंगत होती. आता माझा थोरला मुलगा पुण्याला, धाकटा सुरतेला, चुलतभाऊ आजारी, त्याची पोरं कुठे कुठे. पण मुठी सगळ्यांच्या नावाच्या निघाल्या, कारण माणूस गावी नाही म्हणून त्याची मूठ कशी काढायची नाही? मग ज्याच्या नावाचे रोट तो पुण्यात पिझ्झा खात होता आणि इथे त्याच्या वाटचं संपवणार कोण, तर मी. सोबत खीर, गंगाफळाची भाजी, कटाची झणझणीत आमटी, पापड. दोन दिवस मी मनोभावे जेवलो. प्रसाद पथ्यात धरायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही, माय. देवीचं आहे, ते कशाला बाधेल, असं मी तुझ्या सुनेला ठणकावून सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी काट्यावर उभा राहिलो तर तीन किलो जास्त. महिनाभराची कमाई दोन दिवसांत गेली. काटा उचलून फरशीवर दुसरीकडे ठेवला, परत चढलो, तेच. आता तुला एक सांगतो, ते मी घरात कोणालाही सांगितलेलं नाही. तो आकडा पाहिल्यावर पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे नाशिकला जायला नको, कोणी माझं पोट फाडणार नाही, आणि दोषही माझा नाही, देवीचा प्रसाद होता. किती वेळ वाटलं असेल? सुनेने आतून चहाला हाक मारली तेवढाच वेळ. पण वाटलं खरं, आणि त्या वाटण्याचीच मला इतकी शरम वाटली की मी तिथल्या तिथे ठरवलं, आजपासून खाणं बंद, पाणीसुद्धा बंद. पौर्णिमा अजून लांब होती, डब्यात रोट होते, ते बिचाऱ्या सुनेच्या गळ्यात पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी केबिनमध्ये माझी जीभ टाळूला चिकटली होती. समोर शिंदखेड्याची गाडी उभी, आणि मी माइकवर तीनदा शिरपूर, शिरपूर, शिरपूर असं पुकारलं. शिरपूरची सगळी माणसं गाठोड्यांसकट शिंदखेड्याच्या गाडीत. कंडक्टरने तिकिटं फाडायला घेतली तेव्हा गोंधळ उडाला. एक म्हातारी काचेवर हात आपटून विचारायला लागली, "ओ साहेब, हाई गाडी कोठे जाई ऱ्हायनी ते तुले तरी ठाऊक शे का?" मला खरंच ठाऊक नव्हतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. डेपोच्या मोठ्या साहेबांनी मला हाताला धरून घरी पाठवलं.

घरी अक्का होती. तिचं मशीनवरचं काम नुकतंच उरकलं होतं, पुढच्या खोलीत आडवी झाली होती. सुनेने तिला सगळं सांगून टाकलं, तीन किलोंपासून कोरड्या तांब्यापर्यंत. अक्का उठून बसली. तिला दिवसाला एक छोटी बाटली पाणी मिळतं, माय. औषधाच्या गोळ्या, चहा, आमटीतला रस, सगळं त्यातच धरायचं. उन्हाळ्यात ती ओठांना नुसता ओला कपडा लावून बसते. तिने माझ्यापुढे तांब्या सरकवला आणि तुझ्याच आवाजात बोलली, "माले पानी मोजी मोजी मियस. तुले भरेल तांब्या शे तरी तू पेस नही?"

मी प्यायलो. तिच्याकडे न बघता प्यायलो, कारण माझ्या घशाचा आवाज तिला ऐकू जात होता. मग म्हणालो, अक्का, तीन किलो वाढले, आता कसं व्हायचं. ती हसली. "येडा शे का तू? माले इचार ना वजननं. एक दिन आड माले काट्यावर उभं करतस. दोन किलो वाढेल ऱ्हास, कधी तीन. ते काय अंगले लागेल शे का? पानी शे ते, भाऊ. मशीनवर बठनं का उतरी जास." तिचं पाणी मशीन काढतं, माझं माझ्या किडन्या काढतील, मला फक्त त्यांना काम करू द्यायचं होतं. तिने हे असं सहज सांगितलं, आणि मला आपल्या दोन धडधाकट किडन्या पोटात घेऊन तिच्यासमोर बसणं जड झालं.

संध्याकाळी तिने माझ्याकडून दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीला फोनही करवला. मुलगी यावलकडची, बोलायला चटपटीत. म्हणाली, काका, दोन दिवसांत तीन किलो चरबी चढवायची तर तुम्हाला लग्नाच्या मांडवातलं सगळं जेवण एकट्याने संपवावं लागेल. गोड आणि पिठाचं खाल्लं की ते अंगात साठताना सोबत पाणी धरून ठेवतं, मीठ त्याहून जास्त धरतं, त्यात पोट साफ झालेलं नाही, ते वजनही काट्यावर दिसतंच. मी विचारलं, मग पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं ते? तेही बरंचसं पाणीच, म्हणाली. पट्ट्याचं भोक दाखवत फिरलो होतो ते मला आठवलं. आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर उभं राहायचं, मधल्या आकड्यांकडे बघायचं नाही आणि महिन्याचा उतार मोजायचा, एवढं तिने बजावलं. पाणी तोडायचं नाही हे तर दोनदा.

फोन ठेवला तेव्हा अक्का रोटांच्या डब्याकडे बघत होती. मला एकदम तिच्या लग्नानंतरची पहिली कानबाई आठवली. ती सासरहून आली आहे, हिरव्या बांगड्या, आल्या आल्या चुलीपाशी बसून तिने रोटाला हात घातला आहे. तू तिचा हात वरच्यावर धरतेस. "तू आते त्या कुळनी शे, बाई. हाई तुले चालस नही." तिच्यासाठी वेगळा शिरा करतेस, तूप सोडताना पळी कितीतरी वेळ वाकडी धरतेस, आणि दोघीही एकमेकींकडे बघत नाही. तू क्रूर नव्हतीस. तुला तुझ्या सासूने सांगितलं होतं आणि तू पाळलंस. त्या वेळी तू पदराने डोळे पुसलेस ते मी पाहिलं होतं, धूर फार झालाय असं तू म्हणालीस. अक्कालाही तेच आठवलं असावं. ती म्हणाली, "तुम्हनं रोट माले चालस नही, आनि तुन्ही किडनी चालस, ना?" आणि इतकी हसली की दाजींचा फोन वाजत राहिला तरी तिने उचलला नाही.

आठवड्यात ते तीन किलो आले तसे गेले. श्रावण सरला, भाद्रपदात नाशिकला गेलो, काट्यावर उभा राहिलो. डॉक्टर बराच वेळ कागद बघत होते, मग मान हलवून म्हणाले, चालेल. अक्काचा हात तोवर टिकला. दिवाळी झाल्यावर ऑपरेशन आहे. मुलं येणार आहेत दोघंही. अक्काने विचारलं, "भाऊ, तुले भेव लागस का?" मी म्हणालो, कसलं भेव, तू निवांत राहा. सुनेला तेच सांगितलं, डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही तेच. मला सगळे धीराचा माणूस म्हणायला लागले आहेत.

मला भीती वाटते, माय. फार वाटते. आकडा उतरत जातो तशी ती वाढते. मी मागे हटणार नाही, पण कोणाला तरी हे सांगितल्याशिवाय मला दिवाळीपर्यंत जाता येणार नाही, म्हणून तुला सांगितलं. आता हे कागद फाडून टाकतो, कारण हे अक्काच्या हाती लागले तर ती किडनी घेणार नाही.